दोनदा भाजलेली साखर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. शहाद्यात ज्यांच्या बेकरीत माझे वडील भट्टीवर होते, त्या चाचांचे. आधी आईवडिलांचं नाव घ्यायला हवं, हे मला कळतं. पण आईला विचारलं तरी ती चाचांचंच नाव घेईल.

बारावीचा निकाल लागला तेव्हा वडील मला घेऊन बेकरीत गेले. काय बोलायचं ते त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. चाचा गल्ल्यावर बसून नानखटाईच्या पाकिटांना रबर लावत होते.

"शेठ, पोऱ्याले बी आते कामले लाई ल्या."

चाचांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "मन्ही भट्टीवर एकच मानूस मावस. तो तू शे."

वडिलांना वाटलं, नकार दिला. ते जायला वळले. तेव्हा चाचा म्हणाले, "त्याले कथा बी धाड. पन आठे नही."

एवढंच. कुठंही पाठव, पण इथं नको. मग त्यांनी पिठाच्या गोदामावरची खोली मला प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला दिली. आमच्या घरी एकच खोली होती आणि आजी आजारी होती. गोदामावरची खोली भट्टीला लागून असल्यामुळे हिवाळ्यात गरम राहायची. अंगाला, वह्यांना, सगळ्याला भाजलेल्या मैद्याचा वास यायचा. पुढे मला अन्नशास्त्र आणि पोषण या विषयाला बाहेरगावी प्रवेश मिळाला. वर्गात बहुतेक मुलीच होत्या. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे हा विषय चांगला की वाईट हे सांगणारं कोणी नव्हतं. चाचांना सांगितलं तर ते खूप वेळ हसले.

"म्हंजे काय शिकशी? रोटी कशी खावानी ते? बेटा, ते ते आम्ही मायना पोटमाइन शिकीसन येतस."

तरी दर महिन्याला एसटीने टोस्टचा डबा यायचा. कंडक्टर ओळखीचा होता. वरचे टोस्ट हॉस्टेलच्या खोलीतली मुलं संपवायची. तळाशी चुरा राहायचा, तो माझा. लहानपणीही तोच खाल्ला होता. वडील कामावरून येताना कागदाच्या पुडीत तुटलेल्या टोस्टचा चुरा आणायचे आणि आई तो दुधात नाहीतर कोऱ्या चहात घालून द्यायची. माझी हाडं कशाची बनली आहेत हे मी आता तक्त्यात लिहून दाखवू शकतो. त्यातला बराच भाग चुऱ्याचा आहे.

आता मी शहाद्यातच स्वतःचं काम करतो. घरच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप. खाण्याच्या वस्तू आणि पूरक आहार बनवणारे छोटे उद्योजक माझ्याकडे येतात. कोणी शेवग्याच्या पानांच्या गोळ्या करतं, कोणी भगरीचं पीठ, कोणी सुरतेला प्रोटीन पावडर डब्यात भरतं. मी त्यांचं मिश्रण ठरवून देतो, नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगतो आणि अहवाल आला की पाकिटामागचा पोषणाचा तक्ता तयार करतो. काय लिहिता येईल आणि काय लिहिता येणार नाही, हे सांगणं हा या कामाचा मोठा भाग आहे. बहुतेक फोन लिहिता न येणाऱ्या गोष्टींसाठीच असतात.

"सर, 'इम्युनिटी' कुठंतरी बसवा ना. बारीक अक्षरात."

"नाही बसवता येणार."

"मग मोठ्या अक्षरात?"

या कामात बहुतेक ठिकाणी मला जावं लागत नाही. कागद येतात, कागद जातात. मी ज्यांचे तक्ते केले आहेत त्यातल्या निम्म्याहून अधिक वस्तू मी तोंडात घातलेल्या नाहीत.

वडील गेल्यावर त्यांच्या जागी भट्टीवर दुसरा माणूस आला. चाचांना साखरेचा आजार झाला. डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हा त्यांच्या मोठ्या सुनेच्या मनात आलं की बिनसाखरेचा टोस्ट काढावा. मी तिला भाभी म्हणतो. पॅकिंग आणि दुकानांच्या ऑर्डरी तीच बघते. तिचं म्हणणं बरोबर होतं. सारंगखेडा, कळसाडी, पुरुषोत्तमनगर या सगळ्या लाइनवर अशी माणसं होती ज्यांना चहासोबतचा टोस्ट सोडायला सांगितलं होतं आणि ज्यांना तो सोडवत नव्हता. मी मिश्रण लिहून दिलं. थोडा गव्हाचा कोंडा, बडीशेप, मीठ, साखर नाही. नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवाल स्वच्छ आला. मी तक्ता केला आणि पुढच्या बाजूला 'साखर घातलेली नाही' असं लिहिलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं की हा मैद्याचाच पदार्थ आहे, मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, बेतानेच खावा.

चाचांना माझं नाव पाकिटावर हवं होतं. मी नको म्हटलं. शेवटी 'आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने' अशी ओळ घातली. पहिलं पाकीट त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून गल्ल्याच्या मागे लावलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते बोट दाखवून सांगायचे, "हाई मन्हा पोऱ्यानं लिखेल शे. भट्टीवाला होता ना, त्याना पोऱ्या."

ते स्वतः तोच टोस्ट खायचे. बारीक अक्षरांतली ओळ त्यांना दिसत नव्हती. मोठ्या अक्षरांतली दिसत होती.

साखर उतरत नव्हती. गोळ्या वाढल्या, मग इंजेक्शन सुरू झालं. पायांची जाणीव कमी होत गेली. एके दिवशी भट्टीतून काढलेला गरम ट्रे त्यांच्या उजव्या पायाला टेकला आणि त्यांना कळलं नाही. वास आल्यावर त्यांनी खाली पाहिलं. ती जखम भरली नाही. धुळ्याला नेऊन अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं की साखर अशीच राहिली तर ही जखमही भरणार नाही आणि पुढच्या वेळी पाऊल काढावं लागेल.

मी भेटायला गेलो. बेकरीच्या मागेच घर आहे. चाचा पलंगावर पाय उशीवर ठेवून बसले होते. पायाला पांढरी पट्टी, बाजूला रेडिओ.

"ये बेटा. दख, आते मन्हा जोडा स्वस्तमा पडी. बोट कमी, चामडं कमी."

भाभी चहा घेऊन आली. तिने मला बाहेर बोलावलं.

"डॉक्टर बार बार पूछते हैं, क्या खाते हैं," ती म्हणाली. "मी सगळं बंद केलंय. भात नाही, खजूर नाही, ईदला शीरखुर्मा नाही दिला. अब्बा रुसले, तरी नाही दिला. बस एक तुमचा टोस्ट चालू आहे."

"किती?"

"चहा पितील तितके. उसमें तो शक्कर ही नहीं है ना."

मी तिला सांगितलं की मैद्यानेसुद्धा साखर वाढते, म्हणून मी बेतानेच खा असं लिहिलं आहे. ती म्हणाली, "हो, पण इतकी?" तिने विचारलं ते खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मलाही ते जास्त वाटलं. घरी जाताना मी बेकरीतून गेलो. तो रस्ता जवळचा होता, एवढंच कारण.

दुपारची पिठाची मळणी चालू होती. बिनसाखर टोस्टचीच होती. कोंड्याचं पोतं उघडं होतं आणि बडीशेप पाटीत काढून ठेवली होती. मळणाऱ्याने मैदा टाकला, मीठ टाकलं, पाणी घातलं. मग कोपऱ्यातल्या निळ्या पिंपातून एक घमेलं भरून आणलं आणि त्यात ओतलं. सोनेरी, बारीक दळलेलं. मला वासावरूनच कळलं. तरी मी विचारलं.

"चुरा," तो म्हणाला. "नेहमीचाच."

हे सांगायला हवं, कारण बेकरीच्या बाहेरच्यांना हे माहीत नसतं. गावोगावच्या दुकानांतून न खपलेले टोस्ट, नानखटाई, फुटलेली खारी गाडीत परत येते. ते सगळं पुन्हा भट्टीत कडक करतात, दळतात आणि नव्या मळणीत घालतात. याने टोस्ट खुसखुशीत होतो, हे खरं आहे. बाजारातून परत आलेला माल असा वापरायचा नसतो, हेही खरं आहे. पण चाचांच्या बेकरीत चुरा घालतात तो यातल्या कशासाठीही नाही. चाचा जमिनीवर पडलेला टोस्टचा तुकडा उचलतात, कपाळाला लावतात आणि बाजूला ठेवतात. अन्नाला ते रिज़्क म्हणतात, वरून दिलेलं. रिज़्क फेकायचं नाही, हा त्या बेकरीचा एकमेव लिखित नसलेला नियम आहे. माझ्या वडिलांनी तो पाळला. मी त्याच नियमावर वाढलो.

भाभी मागून आली होती. मी तिला विचारलं की प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यातही चुरा होता का.

ती चमकली. "सॅम्पलमध्ये? छे! वो तो अब्बाने खुद मळलं होतं. वेगळी परात घासून घेतली, नवा मैदा फोडला. म्हणाले, बेटेचं नाव जाणार आहे त्यावर."

"चुरा का नाही घातला?"

"पाहुण्याला कोणी शिळं वाढतं का?" ती म्हणाली.

मी खरं आहे म्हटलं. मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं. मी दुकानातून एक पाकीट घेतलं, पैसे देऊ लागलो तर भाभीने घेतले नाहीत. घरी येऊन पाकीट कुरिअरने प्रयोगशाळेला पाठवलं, फॉर्मवर नमुना क्रमांक लिहिला, साखर आणि एकूण कर्बोदके या दोन चौकटींवर खूण केली. नंतर सुरतेच्या प्रोटीन पावडरचा तक्ता पूर्ण केला. त्यात एक चूकही नव्हती.

अहवाल येईपर्यंतचे दिवस रोजच्यासारखे गेले. कारखान्याकडे उसाच्या गाड्या जात होत्या आणि खिडकीतून मळीचा वास येत होता. मी जेवत होतो. आई ताटाकडे बघायची.

"भाजीमा मीठ नही शे का?"

"आहे."

"मंग कसं काय गुपचूप खाई ऱ्हायना? मी टाकालेच इसरनू."

मी भाजी पुन्हा चाखली. मीठ नव्हतं.

अहवाल आला. जिथे शून्य असायला हवं होतं तिथे दोन आकडी संख्या होती. मी तो इतरांचे उघडतो तसाच उघडला, छापला आणि फाइलला लावला. मग बेकरीत गेलो.

चाचांना आता टेबलाशी बसवलं होतं, पाय स्टुलावर. समोर चहाचा कप आणि बशीत टोस्ट. मी समोर बसलो आणि सांगितलं की या टोस्टमध्ये साखर आहे.

"साखर?" त्यांनी टोस्ट उलटासुलटा करून पाहिला. "एक दाना टाकस नही मी. भट्टीवालाले इचार."

"चुऱ्यात आहे, चाचा."

"चुरामा टोस्ट शे."

"त्या टोस्टमध्ये साखर आहे."

"ती ते जुनी साखर," ते मला समजावू लागले, लहान मुलाला समजावतात तसं. "एक डाव भट्टीमा गई, टोस्ट व्हयना. दुसरा डाव गई, चुरा व्हयना. आते तिसरा डाव. त्या साखरमा काय ऱ्हायनं? जळी गई बिचारी."

मी म्हणालो, ती जळत नाही. अहवाल दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला आणि परत दिला. इंग्रजी होता.

"मंग हाई काय शे?" त्यांनी गल्ल्यामागच्या चौकटीकडे बोट केलं. "हाई कोनी लिखं?"

"मी."

"मंग?"

मी सांगितलं की तो नमुना वेगळा होता. त्यांनी मान हलवली. नमुना त्यांनी किती जीव लावून केला होता हे ते मला सांगू लागले. परात कशी घासली, बडीशेप कशी निवडली. मी ऐकलं. मग मी म्हणालो की चुरा घालणं बंद करावं लागेल.

ते म्हणाले, "आनि त्यानं काय करानं? फेकी देवानं?"

मी अहवाल परत फाइलला लावला.

"तुन्हा बाप आठे वीस वरीस होता. एक तुकडा फेका नही त्याने." त्यांनी बशीतला टोस्ट उचलला, चहात बुडवला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. "तू सांगस ते खरं व्हई बी. पन तुन्हं बोलनं पोऱ्यानं बोलनं शे, बेटा. तू इतलासा होता तव्हयपासून ऐकी ऱ्हायनू. ते एका कानमाइन येस नि दुसरामाइन जास. तुन्हं लिखेल साहेबनं शे. तू लिखीसन दे. मी मानसू."

त्यांनी टोस्ट खाल्ला. भाभी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग बशी उचलून आत नेली. चाचा तिच्या मागून ओरडले, "दख, सुनबाई बी साहेबनी पार्टीमा गई!" आणि हसले.

घरी येऊन मी लिहायला बसलो. माझ्याकडे छापील लेटरहेड आहे, त्यावर माझ्या पदव्या आहेत. पहिल्यांदा अहिराणीत लिहिलं. ते पोराचं बोलणं झालं असतं, म्हणून फाडलं. दुसऱ्यांदा कंपन्यांना लिहितो तसं लिहिलं, 'आपल्या उत्पादनाच्या संदर्भात' अशी सुरुवात करून. तेही ठेवलं नाही. चाचा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आहेत. तिसऱ्यांदा मी साधं लिहिलं आणि अक्षर मोठं काढलं. भाभीच्या हातात न देता स्वतः नेऊन त्यांच्या उशीजवळ ठेवलं आणि परत आलो. त्या पत्राची एक प्रत मी ठेवली आहे, सगळ्या उद्योजकांना पाठवलेल्या पत्रांची ठेवतो तशीच. ती अशी आहे.

आदरणीय चाचा,

सलाम. तुम्ही लिहून द्यायला सांगितलंत म्हणून लिहीत आहे. हे कोणाकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा.

बिनसाखर टोस्टच्या पाकिटावर 'साखर घातलेली नाही' असं मी लिहिलं होतं. ते मी मागे घेत आहे. ज्या टोस्टचा नमुना तुम्ही पाठवला होता त्यात साखर नव्हती. जो टोस्ट दुकानात जातो आणि जो तुम्ही खाता, त्यात साखर आहे. ती चुऱ्यातून येते.

जुनी साखर साखरच असते. तुम्ही म्हणालात ती भट्टीत जळते. जळलेल्या साखरेची चव तुमच्याइतकी कोणाला माहीत नाही. ती कडू लागते. तुमचा टोस्ट कडू लागतो का? तुम्ही तो रोज खाता. तो गोड लागतो म्हणून खाता. त्यात साखर नसती तर तुम्ही इतके खाल्ले नसते.

म्हणून तीन गोष्टी लिहून देत आहे. हा टोस्ट आजपासून तुम्ही खाऊ नका, एकही नाही. दुकानांत गेलेली पाकिटं परत मागवा. तुमच्यासारखीच माणसं ती घेतात, त्यांचेही पाय आहेत. आणि बाजारातून परत आलेला माल कोणत्याच मळणीत घालू नका. चौकटीतलं पाकीटही काढा. मला त्याचं वाईट वाटणार नाही.

चुरा फेकायला मी सांगत नाही. ते मी सांगू शकत नाही. भट्टीजवळ सांडलेलं पीठ तुम्ही झाडून बकऱ्यांना टाकायचात आणि म्हणायचात, मुक्या तोंडात गेलं ते वाया गेलं नाही. परत आलेला मालही त्यांना थोडा थोडा द्या. किती द्यायचा ते मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून सांगतो, ते मी शिकलेलो नाही.

तुमच्या बेकरीतच तुटलेल्या मालाचा, त्याच दिवशीचा चुरा वेगळा ठेवा. तो फक्त गोड टोस्टमध्ये घालायचा. त्याचं पिंप वेगळ्या रंगाचं घ्या.

बिनसाखर टोस्ट पुन्हा करायचा असेल तर मी येऊन मळणीजवळ उभा राहीन. नमुना मीच भट्टीतून निघालेल्या ट्रेमधून उचलीन. त्यासाठी परात घासू नका.

मला डब्यातून यायचा तो चुरा मी कधी टाकला नाही. तो मी सगळा खाल्ला. तुमच्यासाठी मात्र तो नाही.

डॉक्टरांनी पावलाबद्दल काय सांगितलं ते भाभींनी तुम्हाला सांगितलेलं नाही. मी सांगतो. साखर उतरली नाही तर पाऊल जाईल. हे लिहिलेलं आहे, बोललेलं नाही.

शुक्रवारी पट्टी बदलायला जायचं आहे. नमाज झाली की मी गाडी घेऊन येतो. तयार राहा. उजव्या पायात चप्पल घालू नका.

तुमचा,
भट्टीवाल्याचा मुलगा